पाणी घातलेलं बी

आम्ही वडार. घरातले पुरुष अक्कलकोटच्या रस्त्याला खाणीवर दगड फोडायचे आणि बायका डुकरं राखायच्या. सोलापुरात तेव्हा गिरणीचा भोंगा झाला की शहर जागं व्हायचं. आमची वस्ती त्याच्या आधीच उठलेली असायची. घरात आम्ही आमची वडारी बोली बोलायचो आणि बाहेर मराठी. मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते. वस्तीत वाचता येणारी बाई मी एकटीच, आणि त्याचा मला तोराही होता. ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची.

मी थोरली सून. माझ्या लग्नाला चार-पाच वर्षं झाल्यावर धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या कडेला. बोलता बोलता तिच्या तोंडात कानडी शब्द यायचा आणि सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. मला ती अक्का म्हणायची. दिसायला माझ्याहून उजवी नव्हती, कामाला तर नव्हतीच. तरी ती आली त्या आठवड्यापासून मला खुपायला लागली.

त्याला कारण होतं. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. आत्याकडच्या चारही डुकरिणी तोवर मीच राखत होते. त्यांचा कोंडा, हॉटेलातून आणायचं खरकटं, पिलांची उस्तवारी, सगळं माझ्याकडं. जाऊ आल्यावर आत्यानं त्यातल्या दोन तिला देऊन टाकल्या.

"तिनं काय नुस्तं बसून राहायचं व्हय?" आत्या म्हणाली. "तुला दोन, तिला दोन. भांडणच न्हाय."

त्या दोघींतली एक मी पिलू असल्यापासून वाढवली होती. तिची आई व्यातानाच मेली, म्हणून मी तिला चिंधीच्या बोळ्यानं बकरीचं दूध पाजलं होतं. आठवडाभरात ती डुकरीण जावेच्या हाकेला धावत जायला लागली. मी हाक मारली की नुसता कान हलवायची. मी कुणाला काही बोलले नाही. पण जाऊ तिची पाठ खाजवत बसलेली दिसली की माझ्या हातातली पाटी आपटायचीच.

अशीच दोन वर्षं गेली आणि डॉक्टर आले.

शहराबाहेर, आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, एक लहानसा सरकारी फार्म निघाला होता. तिथं विलायती जातीचा पांढरा नर आणला होता. आमची डुकरं काळी, बारकी, काटक. हा नर गोऱ्ह्याएवढा थोराड आणि गुलाबी. सोलापूरचं ऊन त्याला सोसायचं नाही, म्हणून दिवसभर त्याच्या अंगावर ओलं गोणपाट टाकून ठेवायचे. ढोरांचे डॉक्टर पुण्याकडचे, वयानं तरुण, खाकी अर्धी चड्डी घालून सायकलवर यायचे. फार्मवरून घरी गेले की बाहेरच्या नळावर आंघोळ केल्यावरच त्यांना आत घेतात, असं लोक सांगायचे. आमच्या डुकरिणींना या नराची पिलं व्हावीत, ती मोठी आणि भराभर वाढणारी व्हावीत, हे त्यांचं काम होतं.

पहिल्यांदा त्यांनी सरळ मार्गानंच करून पाहिलं. माझी एक डुकरीण माजावर आली होती, तिला फार्मवर नेलं. नर तिच्यावर चढला आणि तिचे मागचे पाय मोडल्यासारखे फाकले. ती जमिनीला टेकली, ओरडायला लागली. मी आणि एका गड्यानं कसंबसं तिला बाहेर काढलं. आठवडाभर ती लंगडत होती.

"ह्याचं वजन ह्यांना पेलणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नराचं वीर्य वेगळं काढून घ्यावं लागेल आणि नळीनं घालावं लागेल."

मी आणि जाऊ एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावून हसलो. तेवढ्यापुरतं आमचं जमलं.

ते काढायचे प्रकारही त्यांनी दोन केले. आधी स्पंजचा. फार्मवर नराच्याच जातीची एक म्हातारी डुकरीण होती. तिच्या आत उकळून घेतलेला स्पंज ठेवायचा, नराला चढू द्यायचं आणि नंतर स्पंज काढून पिळायचा. त्यात घाण यायची, रक्तही यायचं, आणि हाताला लागायचं थोडंसंच. डॉक्टरांना तो प्रकार पसंत पडला नाही. मग त्यांनी सुताराकडून लाकडी घोडी करून घेतली आणि तिच्यावर डुकराचं कातडं ठोकलं. माजावरच्या डुकरिणीचं मूत त्या कातड्याला चोळलं. नर पहिले दोन दिवस घोडीला नुसता हुंगून परत गेला. तिसऱ्या दिवशी चढला. खाली डॉक्टर एक रबराची नळकांडी घेऊन बसलेले. तिच्या दुहेरी भिंतीत गरम पाणी भरलेलं, टोकाला काचेची बाटली. नर बराच वेळ तसाच उभा राहिला. बाटलीत आलं ते आम्हाला वाटलं त्याच्या कितीतरी पट. वर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे तरंगत होते. ते डॉक्टरांनी मलमलीच्या फडक्यातून गाळून टाकले.

"हे चांगलं," ते म्हणाले. "स्वच्छ, आणि भरपूर."

इथपर्यंत सगळं फार्मवरचं होतं. घरातलं पुढं सुरू झालं.

दिवाळीच्या सुमाराला आमच्या चारही डुकरिणींची पिलं एकाच दिवशी आईपासून तोडायला डॉक्टरांनी सांगितलं. पिलं दूर केली की आई आठवड्याच्या आत माजावर येते, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांना चौघी एकदम यायला हव्या होत्या. ते आमच्या अंगणात आले, बाजेवर बसले आणि समजावून सांगायला लागले.

"बी चौघींना सारखंच मोजून घालणार. पण दोघींना नुसतं बी, आणि दोघींना ग्लुकोज आणि मीठ घातलेल्या पाण्यात मिसळून. कशानं जास्त गाभण राहतात ते बघायचंय. पाणी घालून चाललं तर एका नराचं बी किती तरी डुकरिणींना पुरेल."

"पानी घालून?" आत्या म्हणाली. "दुदात घालत्यात तसं?"

"तसंच म्हणा. पण औषधाचं पाणी."

"मंग नुस्तं कुनाला आन् पान्याचं कुनाला?"

डॉक्टरांनी हात पसरले. "मला सारखंच. तुम्ही ठरवा."

मी लगेच बोलले. "नुस्तं माज्या डुकरिणींना."

आत्यानं मान हलवली. "थोरलीला पयलं. बरोबर हाय."

जाऊ खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मला फार बरं वाटलं. दोन डुकरिणी गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या वाट्याला चांगलं काही आलं होतं.

वस्तीत ही बातमी लगेच पसरली. शेजारच्या बाया जावेला चिडवायला लागल्या. एकजण म्हणायची, तुझी पिलं पातळ होणार गं. दुसरी म्हणायची, अर्धी पिलं डुकराची आन् अर्धी पाण्याची. मी त्यांच्यात बसून हसायची. जाऊ पण हसायची, पण तिचे कान लाल व्हायचे.

ठरल्याप्रमाणे चौघी माजावर आल्या. डुकरिणीच्या पाठीवर जोर देऊन हात दाबला आणि ती कान ताठ करून खांबासारखी उभी राहिली की समजायचं, वेळ झाली. डॉक्टर थर्मासच्या बाटल्या घेऊन सायकलवर आले. आधी माझ्या दोघी झाल्या. जाड रबराची नळी, तिच्या वर काचेचं नरसाळं. त्यात वाटीभर बी ओतलं, हात वर केला, आणि गेलं. झालं काम. मी डुकरिणीच्या पाठीवर थाप मारली आणि बाजूला झाले.

मग जावेच्या. तिथं मात्र डॉक्टर बराच वेळ उभे. तिच्यासाठी बाटली भरून आणलेली होती. थोडं थोडं ओतायचं, थांबायचं, डुकरीण हलली की हात खाली घ्यायचा, परत वर करायचा. जाऊ डुकरिणीच्या बरगड्यांखाली खाजवत कानडीत काहीतरी पुटपुटत होती. डुकरीण डोळे मिटून उभी. ती माझी, बोळ्यानं दूध पाजलेली.

"छान धरलंय," डॉक्टर म्हणाले.

माझी डुकरीण कुणी धरली होती? मीच. मला छान म्हणायला त्यांना वेळच मिळाला नाही, कारण माझं वाटीभरात आटोपलं होतं. तेव्हाच मनात आलं, चांगलं म्हणून घेतलं खरं, पण तिला बाटलीभर आणि मला वाटीभर.

तीन आठवडे गेले आणि माझ्या दोघी परत माजावर आल्या. एक आज, दुसरी उद्या. जावेच्या दोघी शांत. मी रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तिच्या खुराड्याकडं जायची आणि तिच्या डुकरिणींच्या पाठीवर हात दाबून बघायची. उभ्या राहाव्यात, एवढीच माझी इच्छा. त्या कुरकुर करत पुढं निघून जायच्या. जावेला वाटायचं मी काळजीनं येते.

"ऱ्हायल्या का गं अक्का?" ती विचारायची.

"आत्ताच काय सांगावं," मी म्हणायची.

डॉक्टरांनी माझ्या दोघींना परत नळी लावली. पुन्हा नुसतं, पुन्हा तेवढंच. परत तीन आठवडे, परत दोघी माजावर. तोवर जावेच्या दोघींची पोटं दिसायला लागली होती. ज्या बाया तिला चिडवायच्या त्या आता तिच्या खुराड्याशी थांबून बघायच्या. आत्या पेंडीचा खडा हळूच तिच्या डुकरिणींना घालायची. माझ्यासमोर नाही, पण मला दिसायचं.

त्या दिवसांत मला तिचं सगळंच दिसायचं. तिचं लुगडं माझ्याहून जुनं, तरी तिला ते खुलतंय असं वाटायचं. तिनं केलेलं कोरड्यास माझ्या नवऱ्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं तर माझी भाकरी तशीच राहायची. ती झोपली तर आळशी, लवकर उठली तर मला दाखवायला उठली. मुलं आम्हा दोघींनाही होती, माझी मुलगी आणि तिचा मुलगा. माझी मुलगीसुद्धा तिच्याच मांडीवर जाऊन बसायची. मी मुलीला उचलून आणायची आणि ती रडायची.

तिसऱ्यांदा डॉक्टर आले तेव्हा मी अंगणाच्या तोंडालाच त्यांना अडवलं.

"ह्या टायमाला मला पान्याचं द्या."

"तसं करून चालणार नाही," ते म्हणाले. "मग तुलना कशी होणार?"

"तुमची तुलना हुईल, साहेब. माजं वरीस जातंय की."

ते बाजेवर बसले. नवरा तेव्हा घरात होता. तो म्हणाला, "आगं, डाक्टरला काय शिकिवतीस?"

"शिकिवत न्हाय. हिशेबाचं बोलतीय. धाकटीला बाटलीभर घातलं आन् मला वाटीभर. बी सारखं आसंल, पर माज्या डुकरिणीच्या पोटात गेलं किती?"

खरं सांगायचं तर मला त्यातलं शास्त्र काही कळत नव्हतं. मला फक्त तिला जास्त मिळालेलं दिसत होतं. पण डॉक्टरांनी मान डोलवली.

"तेच माझ्याही डोक्यात चाललंय," ते म्हणाले. "डुकरिणीची पिशवी गाईसारखी आखूड नसते. तिची दोन शिंगं हात-हातभर लांब, आतड्यासारखी. थोडक्या पातळानं तळ भरत नाही. मला वाटतंय बी कमी पडलं नाही, पातळ कमी पडलं. आज असं करू. तुमच्या एकीला पाण्याचं बाटलीभर, आणि दुसरीला नुसतं बी, पण तेही बाटलीभर. म्हणजे पाण्याचा गुण आहे का मापाचा, ते कळेल."

नराचं त्या दिवशीचं जवळजवळ सगळं बी माझ्या दोन डुकरिणींना गेलं. फार्मवरच्या लोकांनी कुरकुर केली म्हणे. तीन आठवडे गेले. दोघी शांत राहिल्या. नुसतं घातलेली आणि पाण्याचं घातलेली, दोघीही गाभण.

"मापाचाच गुण," डॉक्टर म्हणाले. ते इतके खूश झाले होते की आमच्या घरचा चहा त्यांनी पहिल्यांदा घेतला. "पाण्यानं नुकसान होत नाही, आणि माप भरतं. फार मोठी गोष्ट कळली."

मला वाटलं, सुटले. तिची काही करामत नव्हती. बाटली भरलेली होती, एवढंच.

पण शिमग्याच्या आसपास जावेच्या डुकरिणी व्याल्या. एकीला नऊ, दुसरीला आठ. एकही मेलं नाही. त्यात काही काळी, काही ठिपक्यांची आणि पाच-सहा एकदम गुलाबी-पांढरी. अशी पिलं आमच्या वस्तीनं पाहिलेली नव्हती. सगळी वस्ती लोटली. शेजारच्या पेठेतल्या तेलुगू विणकरांच्या बायासुद्धा नाकाला पदर लावून येऊन बघून गेल्या. जाऊ खुराड्यात बसून एकेक पिलू आचळाला लावत होती. आणि तिथंच कुणीतरी म्हणालं, "हिच्या हातालाच गुण हाय."

ते बोलणं वाऱ्यासारखं फिरलं. ही धरते म्हणून डुकरीण गाभण राहते. हिनं कानडीत काहीतरी म्हटलं होतं, तो मंत्र होता. थोरलीनं दोनदा धरली तरी रिकामी गेली, धाकटीनं एकदा धरली आणि नऊ.

मी सांगायला लागले. नळावर, बाजारात, खाणीच्या वाटेवर. मापामुळं झालं, बाटलीभर होतं म्हणून झालं, माझ्या दोघी नुसत्या मापानं राहिल्या की नाही? बाया ऐकून घ्यायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "जाऊ दे गं. आसं मनाला लावून घेऊ ने." माझं बोलणं शंभर टक्के खरं होतं. तरी ते माझ्या तोंडून आलं की जळफळाट वाटायचा. कारण तो जळफळाटही होताच. खरं होतं म्हणून मी बोलत नव्हते, तिचं कमी व्हावं म्हणून बोलत होते, आणि लोकांना ते ऐकू येत होतं.

डॉक्टरांनीही लोकांना सांगितलं. लोक त्यांना म्हणाले, "तुमचं खरं हाय साहेब, पर हात लागतोच की." मग वस्तीतल्या दुसऱ्या घरांतल्या डुकरिणींना नळी लावायची वेळ आली तर त्या घरची बाई आधी म्हणायची, "धाकटीला बलवा." जाऊ जायची. तिला साडीचोळी कुणी दिली नाही, पण चहा मिळायचा, गूळशेंगा मिळायच्या, आणि बाया तिला बसायला पोतं झटकून टाकायच्या.

मी डॉक्टरांना एकदा विचारलंच. "तुमाला तर ठावं हाय, हाताचं काय न्हाय ते. मंग तिला कशाला घिऊन जाता?"

"ती आली की डुकरीण बिचकत नाही," ते म्हणाले. "आणि मालकीणही बिचकत नाही. माझं काम सोपं होतं." मग म्हणाले, "तुम्हीही या की."

मी गेले नाही. दुसरी म्हणून कशाला जायचं?

माझ्या डुकरिणी व्याल्या त्या ऐन वैशाखात. एकीला सात, दुसरीला आठ, आणि तीही गुलाबी, ठिपक्यांची, धडधाकट. पण तोवर वस्तीत तशी पिलं जुनी झाली होती. कुणी बघायला आलं नाही. आत्या आली, मोजून गेली. जाऊ मात्र दिवसभर माझ्याबरोबर खुराड्यात होती. दुबळं पिलू कुठल्या आचळाला लावायचं ते मला सांगायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "मला म्हायती हाय." तरी ती उठून गेली नाही.

त्याच उन्हाळ्यात तिच्या पांढऱ्या पिलांचे कान सोलायला लागले. ती पिलं तेव्हा जरा मोठी झाली होती, बाहेर हिंडायची. पाठीवर लाल चट्टे आले, कातडी सुटायला लागली. वस्तीत कुणी म्हणालं महारोग, कुणी म्हणालं नजर. डॉक्टर त्या वेळी रजेवर गेले होते. ती एक पिलू पदरात घेऊन माझ्याकडं आली.

"अक्का, ह्याला काय झालं बघ की."

पिलाच्या कानामागं हात लावला तर ते किंचाळलं. ते उन्हानं भाजलं होतं. फार्मवरच्या नरावर ओलं गोणपाट का टाकतात ते मी रोज बघत होते. "ऊन लागलंय," मी म्हटलं. "वढ्यातला काळा चिखल आनून थाप. सकाळी एकदा, दुपारी एकदा. आन् सावलीला बांद."

आम्ही दोघी ओढ्यावर गेलो, पाटीभर चिखल आणला आणि तिच्या सगळ्या पांढऱ्या पिलांना थापला. मग माझ्याही. आठवड्यात चट्टे बसले. तिनं सगळ्यांना सांगितलं, अक्काला कळलं म्हणून वाचली. त्यावर नळावर एक बाई म्हणाली, "सांगितलं तिनं, पर थापलं कुनी? हात तुजाच की." मी घागर उचलली आणि घरी आले.

पावसाळा संपता संपता डॉक्टरांची बदली झाली. पुण्याकडच्या एका मोठ्या फार्मवर त्यांना हेच काम करायचं होतं. गाई, म्हशी आणि डुकरं, सगळ्यांचं. जाताना ते आमच्या घरी आले. दिराला म्हणाले, फार्मवर गड्याची जागा आहे, राहायला खोली आहे, आणि बाईलाही काम मिळेल. कुठली बाई ते विचारायची गरज नव्हती.

त्या दिवशी जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "आपनबी जाऊ की. इचारा की डाक्टरला."

"आपल्याला कुनी बलिवलंय का?" तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. गाडी हलली तेव्हा जाऊ खिडकीतून माझा हात सोडेना. ती रडत होती. मला रडू आलं नाही, म्हणून मी पदर डोळ्यांवर धरून उभी राहिले. तिच्या दोन्ही डुकरिणी माझ्याकडं आल्या. चारही परत माझ्या. दूध पाजलेली कितीतरी दिवस संध्याकाळी जावेच्या खोपटासमोर जाऊन उभी राहायची आणि मी तिला काठीनं हाकलून आणायची. पुढं फार्मही बंद पडला. पांढरा नर कुठं गेला कळलं नाही. पांढरी पिलं एक-दोन वेतांत परत काळी-करडी होत गेली.

लढाई संपून दहा वर्षं झाल्यावर मी तिच्याकडं गेले. पहिल्यांदाच. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. फार्मवर तिला पक्की भिंत, पत्र्याचं छप्पर आणि दारात नळ असलेलं घर होतं. ती जाड झाली होती. मला हात धरून सगळीकडं फिरवलं. आता गाईंना नळी लावतात, अंड्यातलं पिवळं घालून बैलाचं बी दोन-दोन दिवस टिकवतात, असं ती मला समजावून सांगत होती. मध्ये मध्ये इंग्रजी शब्द वापरत होती, आणि ते तिच्या तोंडात बरोबर बसत होते. वाचता मला येत होतं, तिला नाही. कामावरच्या एका तरुण साहेबाला तिनं माझी ओळख करून दिली. "ही माजी अक्का. हिच्याकडनंच मी डुकरं राखायला शिकले." साहेबानं मला नमस्कार केला. मला तेही सोसेना. ती एवढ्या सहज देऊन टाकत होती.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी दारात बसलो होतो. पुरुष आत बोलत होते. मी तिला विचारलं, कारण इतकी वर्षं ते विचारायचं राहिलं होतं.

"तुला कदी माजा हेवा वाटला का गं? त्या टायमाला? पयलं नुस्तं बी मला मिळालं तवा, का आजून कदी?"

ती विचार करायला लागली. खरंच विचार करत होती. मला वाटलं, आता व्हय म्हणेल. मनापासून वाटत होतं की म्हणावं.

"कशाचा, अक्का?" ती म्हणाली.

टोमणा नव्हता. तिला खरंच सुचेना. मी म्हटलं, "काय न्हाय, सोड." तिनं सुपारी कातरून माझ्या हातावर ठेवली आणि सुनेच्या दागिन्यांचं बोलायला लागली.

लग्न उरकून मी एकटीच परत निघाले. डब्यात माझ्या शेजारी एक शेतकऱ्याची बाई बसली होती, तिला वाटेत केम स्टेशनला उतरायचं होतं. तिनं विचारलं, कुठं गेला होता? मी सांगितलं, जावेकडं. ती सरकारी फार्मवर आहे, मोठमोठे साहेब तिला विचारून कामं करतात, तिच्या हातानं डुकरीण हटकून गाभण राहते. हाताचंसुद्धा मी सांगितलं. मापाचं सांगितलं नाही. केम येईपर्यंत मी तिच्याबद्दलच बोलत होते.

ती बाई बोचकं घेऊन उठली. उतरताना वळून म्हणाली, "आन् तुमी काय करता?"

"मी तिची थोरली जाऊ," मी म्हटलं.